फोगो आयलंड: खडकावरच्या ‘त्या’ व्हायरल केबिन कुणाच्या आहेत आणि कशासाठी बांधल्या?

समोर अटलांटिक महासागर, पायाखाली नुसता खडक आणि त्या खडकावर बारीक खांबांवर उभी असलेली एक लांबट काळी खोली. आजूबाजूला झाड नाही, रस्ता नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. इन्स्टाग्राम किंवा पिंटरेस्टवर आर्किटेक्चरची पेजेस फॉलो करत असाल, तर हा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. त्याखालच्या कमेंटही ठरलेल्या असतात. ‘इथे आठवडाभर राहायला मिळालं तर?’ किंवा ‘हे खरं आहे की एआय?’

हे खरं आहे. या खोलीचं नाव आहे ‘लाँग स्टुडिओ’ आणि ती आहे कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो आयलंड या बेटावर. पण फोटोत एक गोष्ट दिसत नाही. ही खोली पर्यटकांसाठी बांधलेली नाही. ती, तिच्यासारख्या आणखी तीन केबिन आणि शेजारचं २९ खोल्यांचं हॉटेल हे सगळं मासेमारी बंद पडल्यावर ओस पडत चाललेलं एक बेट वाचवण्यासाठी उभं राहिलं आहे.

हे नेमकं कसं झालं, या केबिन अशाच का दिसतात आणि त्यातून बेटाला काय मिळालं, ते समजून घेऊ.

फोगो आयलंड कुठे आहे?

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं बेट. त्याच्या ईशान्येला, समुद्रात थोडं आत फोगो आयलंड आहे. लांबी साधारण २५ किलोमीटर, रुंदी १४ किलोमीटर. ‘फोगो’ हा मूळ पोर्तुगीज शब्द असल्याचं मानलं जातं, त्याचा अर्थ आग.

बेटावर आज सुमारे २,१०० लोक राहतात. जो बॅट्स आर्म, टिल्टिंग, फोगो, डीप बे, शोल बे अशी लहान लहान गावं किनाऱ्याच्या कडेने विखुरलेली आहेत. टिल्टिंगमधली वस्ती मुख्यतः आयर्लंडहून आलेल्यांच्या वंशजांची, तर इतर गावांमधले अनेक जण मूळचे इंग्लंडचे. सगळे आले ते एकाच कारणासाठी, ते म्हणजे मासे.

मातीचा थर पातळ, खडक उघडा आणि वारा सतत. हिवाळ्यात किनाऱ्याला तरंगत्या बर्फाचा वेढा पडतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ग्रीनलँडकडून निघालेले हिमनग बेटाजवळून दक्षिणेकडे जातात, म्हणून या पट्ट्याला ‘आइसबर्ग ॲली’ म्हणजे हिमनगांची गल्ली म्हणतात. इथल्या हवामानासाठी चार ऋतू कमी पडतात. तरंगत्या बर्फाचा आणि रानबेरी वेचायचा काळ वेगळा धरून इथे सात ऋतू सांगितले जातात.

एक मजेशीर माहिती म्हणजे पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या ‘फ्लॅट अर्थ सोसायटी’ने जगाचे जे चार कोपरे सांगितले, त्यातला एक फोगोवरचा ‘ब्रिमस्टोन हेड’ हा कडा आहे. बेटावरचे लोकही पर्यटकांना हे हसत हसत सांगतात.

बेटावर संकट का आलं?

फोगोचं सगळं जगणं कॉड या एका माशावर होतं. छोट्या होडीतून किनाऱ्याजवळ कॉड पकडायचा, तो साफ करून मीठ लावायचा आणि लाकडी मांडवांवर वाळवायचा. आपल्याकडे कोळीवाड्यात बोंबील वाळत घालतात, तसाच हा प्रकार. वाळवलेला कॉड जहाजातून युरोप आणि कॅरिबियन बेटांकडे जायचा.

या धंद्यात मच्छीमाराच्या हातात रोख पैसा क्वचितच यायचा. व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला जाळी, पीठ, चहा उधार द्यायचा आणि हंगाम संपला की मासे घेऊन खातं मिटवायचा. माशाचा भाव ठरवणारा तोच आणि सामानाचा भाव लावणाराही तोच. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या हिशेब बरोबरीत किंवा तोट्यातच राहायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदललं. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. पाठोपाठ अनेक देशांचे प्रचंड फॅक्टरी ट्रॉलर या समुद्रात उतरले. ही जहाजं समुद्रातच मासे पकडून, साफ करून, गोठवायची. १९६८ मध्ये या भागातली कॉडची पकड ८ लाख टनांच्या वर गेली. नंतर मात्र ती कोसळत गेली आणि छोट्या होडीवाल्यांच्या जाळ्यात मासा येईनासा झाला.

त्याच काळात सरकारचं एक धोरण सुरू होतं. दूरच्या छोट्या गावांना रस्ते, शाळा, दवाखाने देणं परवडत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी मोठ्या गावांत स्थलांतर करावं आणि त्यासाठी सरकारने पैसे द्यावेत. १९५४ ते १९७५ या काळात न्यूफाउंडलंडमधल्या सुमारे ३०० वस्त्या अशा उठवल्या गेल्या आणि जवळपास ३०,००० लोक हलले. फोगोवरही हीच टांगती तलवार होती.

मग बेट रिकामं का झालं नाही?

१९६७ मध्ये कॅनडाच्या ‘नॅशनल फिल्म बोर्ड’चे दिग्दर्शक कॉलिन लो बेटावर आले. मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाचे डॉन स्नोडेन यांची साथ होती. त्यांनी लोकांच्या बोलण्याचे, बैठकांचे, कामाचे पंचवीसहून अधिक छोटे चित्रपट केले. खरी गंमत त्यापुढे होती. हे चित्रपट एका गावात चित्रित करून दुसऱ्या गावात दाखवले जायचे आणि त्यावर तिथेच चर्चा व्हायची.

तोवर बेटावरची गावं धर्म, पंथ आणि जुन्या भांडणांमुळे एकमेकांपासून फटकून होती. पडद्यावर शेजारच्या गावातला माणूस आपलंच गाऱ्हाणं मांडताना दिसला, तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच आहे हे लक्षात आलं. त्यातून बेटावरच्या मच्छीमारांनी सहकारी संस्था उभी केली. मोठ्या होड्या स्वतः बांधायला घेतल्या आणि मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आपल्या ताब्यात ठेवले. लोकांनी बेट सोडलं नाही. गावकऱ्यांना कॅमेऱ्यातून एकमेकांशी बोलतं करण्याची ही पद्धत पुढे ‘फोगो प्रोसेस’ म्हणून जगभरातल्या विकासाच्या अभ्यासक्रमांत पोहोचली.

पण समुद्रातला कॉड परत आला नाही. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने उत्तरेकडच्या कॉडच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी घातली. न्यूफाउंडलंडमध्ये सुमारे ३०,००० लोकांचं काम एका दिवसात गेलं. ही बंदी दोन वर्षांसाठी असल्याचं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ती तीन दशकांहून जास्त टिकली. फोगोच्या सहकारी संस्थेने खेकडा आणि कोळंबीकडे वळून तग धरला. तरीही तरुण मुलं शिकायला म्हणून बाहेर पडली आणि बहुतेक परतली नाहीत.

झिटा कॉब कोण आहेत?

अशी बाहेर पडलेली एक मुलगी म्हणजे झिटा कॉब. जो बॅट्स आर्ममधल्या मच्छीमाराच्या घरात त्यांचा जन्म झाला. ओटावाच्या कार्लटन युनिव्हर्सिटीत बिझनेसचं शिक्षण घेऊन त्या फायबर ऑप्टिक्स क्षेत्रातल्या जेडीएस युनिफेज या कंपनीत वरच्या पदापर्यंत पोहोचल्या. २००१ च्या सुमारास, चाळिशीच्या सुरुवातीलाच, त्यांनी नोकरी सोडली. तोपर्यंत हाती भरपूर पैसा आला होता.

त्यांनी सुरुवातीला बेटावरच्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. तेव्हा गावातल्या एका बाईने त्यांना ऐकवलं की या पैशातून तुम्ही आमच्या मुलांना बेट सोडून जायलाच मदत करताय. ही आठवण कॉब यांनी अनेक भाषणांत सांगितली आहे. मुलांनी परत यावं असं वाटत असेल, तर त्यांना परत येण्यासारखं काम बेटावर हवं, हा त्याचा अर्थ होता.

त्यानंतर कॉब यांनी आपल्या भावांसोबत ‘शोरफास्ट’ ही धर्मादाय संस्था उभारली. कॉडचा सापळा किनाऱ्याला बांधून ठेवणाऱ्या दोराला ‘शोरफास्ट’ म्हणतात. संस्थेचं नाव तिथून आलं. बेटावर जे आहे, म्हणजे सुतारकाम, होडीबांधणी, गोधड्या, अन्न आणि आदरातिथ्य, त्यालाच धरून अर्थव्यवस्था उभी करायची, असं ठरलं.

या केबिन कुणी डिझाइन केल्या?

आर्किटेक्टचं नाव टॉड सॉन्डर्स. त्यांचा जन्म फोगोपासून फार लांब नसलेल्या गँडर शहरातला. पण त्यांचं ऑफिस नॉर्वेतल्या बर्गनमध्ये आहे. म्हणजे न्यूफाउंडलंडचा किनारा लहानपणापासून पाहिलेला आणि नॉर्वेतल्या तशाच खडकाळ, थंड किनाऱ्यावर काम केलेला हा माणूस.

२०१० आणि २०११ मध्ये बेटावर त्यांनी डिझाइन केलेल्या चार केबिन उभ्या राहिल्या. जगभरातून बोलावलेल्या चित्रकार, शिल्पकार, लेखक, फिल्ममेकर अशा पाहुण्या कलाकारांनी इथे येऊन काम करावं, हा त्यांचा उपयोग. कलाकार राहतात ते गावातल्या दुरुस्त केलेल्या जुन्या घरांत आणि कामाला चालत केबिनवर जातात. केबिन एकमेकींपासून दूर, वेगवेगळ्या गावांजवळ मुद्दाम ठेवल्या आहेत. त्यामुळे पाहुणा कलाकार एका बंद आवारात न राहता गावातला शेजारी होतो.

लाँग स्टुडिओ (जो बॅट्स आर्म): चारपैकी सगळ्यात मोठी, सुमारे १२० चौरस मीटर. बाहेरून काळी, आतून पांढरी. तिचे तीन भाग आहेत. आत शिरताना छप्पर असलेला ओटा, मधे वरून उघडी जागा आणि टोकाला समुद्राकडे मोठी काच असलेली बंद खोली. हवा जशी असेल तसा बसायचा भाग निवडायचा.

स्क्विश स्टुडिओ (टिल्टिंग): पांढरी, कोनाकोनाची. एका बाजूला ठेंगणी आणि समुद्राच्या बाजूला उंच खांबांवर चढलेली.

टॉवर स्टुडिओ (शोल बे): काळी, तीन मजली आणि किंचित पीळ दिल्यासारखी. दलदलीच्या जागेवरून लाकडी फळ्यांच्या वाटेने तिथपर्यंत जाता येतं.

ब्रिज स्टुडिओ (डीप बे): गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठी, टेकडीला छोट्या लाकडी पुलाने जोडलेली.

त्या अशाच का दिसतात?

‘मिनिमल’ म्हणजे कमीत कमी गोष्टींचं डिझाइन. शहरात ती अनेकदा फॅशन असते. फोगोवर मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे साधं कारण आहे.

खांब का? बेटावर खोदून पाया घालायला माती नाही आणि सुरुंग लावून खडक फोडला तर तो कायमचा जातो. इथल्या मच्छीमारांनी आपल्या मासे साफ करायच्या शेड पूर्वीपासून लाकडी खांबांवरच बांधल्या. खडक जिथे वर असेल तिथे खांब आखूड, खाली असेल तिथे लांब. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खालून निघून जातं. उद्या बांधकाम काढून टाकलं, तर खडक होता तसाच राहतो. या बेटांवर जुन्या काळी लोक अख्खं घर ओंडक्यांवरून ओढत किंवा पाण्यावर तरंगवत दुसरीकडे न्यायचे. घर जमिनीत रुतवायचं नाही, तिच्यावर ठेवायचं, ही इथली जुनीच रीत आहे.

लाकूड का? कारण बेटावरच्या सुतारांना तेच येतं. घर आणि होडी दोन्ही बांधणारी माणसं इथे आहेत. स्टुडिओ याच स्थानिक कारागिरांनी बांधले. भिंती तिरक्या आणि कोन वाकडे असले तरी फळ्या जोडायची पद्धत त्यांच्या ओळखीची होती.

वायर आणि पाइप का दिसत नाहीत? कारण स्टुडिओ विजेच्या जाळ्याला जोडलेलेच नाहीत. सोलर पॅनेल, लाकडाची शेगडी, पावसाचं साठवलेलं पाणी आणि कंपोस्ट टॉयलेट यावर त्या चालतात. खडकातून गटार आणि पाण्याची लाइन न्यायची, तर तो खडक फोडावा लागला असता.

मग राहायचं कुठे?

पर्यटकांसाठी २०१३ मध्ये ‘फोगो आयलंड इन’ सुरू झालं. डिझाइन सॉन्डर्स यांचंच. वरून पाहिलं तर ही इमारत एक्स अक्षरासारखी दिसते. तिचं समुद्राकडचं टोकही खांबांवर आहे. २९ खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीतून समुद्र दिसतो. गच्चीवर सॉना, आत वाचनालय, कलादालन आणि नॅशनल फिल्म बोर्डच्या सहकार्याने चालणारं छोटं चित्रपटगृह आहे. बेटाला एकत्र आणणाऱ्या चित्रपटांची आठवण म्हणून ते तिथे असणं साहजिकच आहे.

खोल्यांमधल्या गोधड्या बेटावरच्या बायकांनी हाताने शिवलेल्या आहेत. खुर्च्या, पलंग, दिवे बाहेरच्या डिझायनरनी स्थानिक कारागिरांसोबत बसून घडवले. आलेल्या पाहुण्याला बेट दाखवायला ‘कम्युनिटी होस्ट’ म्हणून एखादा गावकरी सोबत येतो.

भाडं मात्र सगळ्यांना झेपणारं नाही. जेवणखाणासह एका रात्रीचे २,००० कॅनेडियन डॉलरहून जास्त, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात.

हा पैसा जातो कुठे?

फोगोची गोष्ट इतर सुंदर हॉटेलांपेक्षा वेगळी होते ती इथे. इन कुणाच्या खासगी मालकीचं नाही. खर्च वजा जाता जे उरतं, ते भागधारकांना न जाता शोरफास्टमार्फत बेटावरच्या कामांत जातं. कलाकारांचे स्टुडिओ, जुन्या होड्यांचं जतन, नव्या छोट्या व्यवसायांना कर्ज, अशी ही कामं आहेत. हाताने, गळ टाकून पकडलेला कॉड चांगल्या भावाने हॉटेलांना विकण्याचा उपक्रमही शोरफास्टने चालवला.

शोरफास्टची आणखी एक कल्पना बरीच गाजली. बिस्किटाच्या पुड्यामागे साखर किती, मीठ किती हे लिहिलेलं असतं. तसंच लेबल त्यांनी पैशासाठी बनवलं. त्याला ‘इकॉनॉमिक न्यूट्रिशन’ म्हणतात. तुम्ही दिलेल्या भाड्यातला किती वाटा पगारांवर गेला, किती अन्नसामग्रीवर, आणि त्यातला किती पैसा बेटावर राहिला, किती उरलेल्या कॅनडात गेला, किती देशाबाहेर, हे त्यावर टक्केवारीत छापलेलं असतं.

एरवी पर्यटनाच्या गावात समुद्र गावाचा असतो, पण बुकिंगचं कमिशन, हॉटेलचा नफा आणि जमिनीची वाढलेली किंमत दुसऱ्याच शहरात जमा होते. गावाच्या वाट्याला साफसफाईची हंगामी नोकरी येते. हे लेबल नेमका तोच हिशेब पाहुण्यासमोर ठेवतं.

सगळं आलबेल आहे का?

नाही. पहिला आक्षेप सुरुवातीच्या भांडवलाचा. या प्रकल्पामागे कॉब यांचा स्वतःचा मोठा पैसा होता आणि केंद्र व प्रांतिक सरकारचं अनुदानही होतं. प्रत्येक बेटाची अशी श्रीमंत लेक परत येईलच असं नाही. त्यामुळे हे मॉडेल दुसरीकडे जसंच्या तसं चालेल का, हा प्रश्न रास्त आहे.

दुसरा आक्षेप पर्यटनावर टेकण्याचा. २०२० मध्ये कोविडच्या साथीत इन बंद ठेवावं लागलं. एका माशावरची भिस्त संपवून ती श्रीमंत पाहुण्यांवर टाकली, तर धोका फक्त जागा बदलतो. शोरफास्टचं यावर उत्तर असं की पर्यटन मासेमारीची जागा घ्यायला आलेलं नाही, तो तिच्या शेजारचा दुसरा खांब आहे. आजही खेकडा आणि मासळीवर चालणारी सहकारी संस्था बेटाच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे.

तिसरी बाब लोकसंख्येची. २०१६ च्या जनगणनेत बेटावर २,२४४ लोक होते, २०२१ मध्ये २,११७. म्हणजे घसरण थांबलेली नाही. हॉटेल आलं म्हणून तरुणांची रांग लागली, असं म्हणता येत नाही. पण पूर्वी ‘इथे काहीच नाही’ म्हणून जाणाऱ्यांसमोर आता परत येण्याचा एक पर्याय तरी आहे आणि काही जण तो घेतातही.

तुम्हाला जायचं असेल तर

सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ गँडर. तिथून रस्त्याने फेअरवेल नावाच्या धक्क्यावर यायचं आणि फेरी बोट पकडायची. बर्फ किंवा वादळ असेल तर फेरी रद्द होते, म्हणून एक-दोन दिवस हाताशी जास्तीचे ठेवलेले बरे. हिमनग पाहायचे तर मे-जून, बेरी वेचायच्या तर ऑगस्टनंतर.

इनचं भाडं परवडणारं नसेल तर गावांमध्ये छोटी, घरगुती गेस्ट हाउसेस आहेत. तिथला पैसा तर थेट गावकऱ्याच्याच हातात जातो. चारही स्टुडिओ पायवाटांवरून बाहेरून पाहता येतात. पण आत कुणीतरी काम करत असतं, त्यामुळे फोटोसाठी काचेला नाक लावू नये एवढी अपेक्षा असते.

आणि कॉडचं काय?

जून २०२४ मध्ये कॅनडा सरकारने उत्तरेकडच्या कॉडवरची बंदी ३२ वर्षांनंतर उठवली आणि त्या हंगामासाठी १८,००० टनांची मर्यादा ठरवली. १९६८ च्या ८ लाख टनांपुढे हा आकडा अगदीच छोटा आहे. तरीही साठा पुरेसा सावरण्याआधीच बंदी उठवली, अशी टीका अनेक शास्त्रज्ञांनी केली. फोगोवर समुद्रातलं संपलं की गावाचं काय होतं, हे पाहिलेली पिढी अजून आहे. लाँग स्टुडिओच्या काचेतून जो समुद्र दिसतो, त्यात आता कुणी किती मासा काढायचा, यावरचा वाद त्यांच्यासाठी नवा नाही.